पन्हं प्यालेल्यांनी मत देऊ नये

मी आयुष्यात एकाच राजकीय पक्षाची सभासद झाले, आणि त्याच पक्षातून मला हाकलूनही देण्यात आलं. पक्ष एवढासा होता, की माझी हकालपट्टी झाली तेव्हा त्याची पाचातली एक वीट गळाली आणि उरलेल्या चार विटांपैकी दोघींचं एकमेकींशी बोलणं नव्हतं. तरीही त्या पक्षानं इंग्लंडातल्या रीडिंग शहरातल्या आमच्या वॉर्डात एका विद्यमान कौन्सिलरच्या, म्हणजे नगरसेवकाच्या, तोंडचं पाणी पळवलं. म्हणजे आधी आमच्याच तोंडचं पळालं, मग त्याच्या.

आमच्या रस्त्यावर पाच दुकानांची एक ओळ होती. एका टोकाला माझं दुकान: पोहे, हिंग, गोडा मसाला, लोणची आणि शनिवारी सकाळी गरम वडे. नवरा एम-फोर हायवेच्या कडेच्या एका ऑफिसात सॉफ्टवेअरचं काम करायचा आणि माझ्या दुकानाला 'तुझा छंद' म्हणायचा. माझ्या शेजारी बूट दुरुस्त करणारा आणि किल्ल्या बनवून देणारा एक डच गृहस्थ. मग केस कापणारीचं दुकान, नाणी टाकून कपडे धुवायचं लॉन्ड्रेट आणि शेवटी तळलेले मासे विकणारा चिप्सवाला. केस कापणारी आणि लॉन्ड्रेटवाली यांच्यात एका सामाईक गटारावरून वाद झाला होता. तो माझ्या आधीच्या काळातला. मी आले तेव्हा फक्त अबोला शिल्लक होता.

दुकानांसमोर रस्त्यानं जरा पोट आत घेतल्यासारखी जागा होती. तिथे पाच गाड्या उभ्या राहायच्या. तिला ले-बाय म्हणतात. आमची सगळ्यांची भाकरी त्या ले-बायवर होती. माणूस ऑफिसातून परतताना गाडी लावणार, बूट टाकणार, कोथिंबीर घेणार, चिप्स घेणार आणि जाणार. गाडी लावायला जागा नसेल तर तो थेट मोठ्या सुपरमार्केटच्या मैदानात जाऊन थांबेल, हे कुणाला समजावून सांगायची गरज नव्हती.

एके दिवशी दिव्याच्या खांबाला पिवळा कागद बांधलेला दिसला. ले-बाय बुजवून तिथून बससाठी वेगळी लेन काढायचा कौन्सिलचा विचार होता. योजना आमच्याच वॉर्डाच्या कौन्सिलरनं पुढे रेटलेली, आणि त्याची निवडणूक मे महिन्यात होती.

त्या संध्याकाळी आम्ही पाचही जण डच गृहस्थाच्या दुकानात जमलो. पॉलिशचा आणि गरम रबराचा वास, भिंतीवर किल्ल्यांच्या रांगा. साठीचा माणूस, चामड्याचा एप्रन, हात कायम काळे. तो म्हणाला, "आपण पक्ष काढू या."

चिप्सवाला हसला. "कसला पक्ष?"

"दुकानदारांचा. माझ्या वडिलांचा होता, तसा."

मग कळलं की हॉलंडमध्ये लहान दुकानदारांचा खराखुरा एक पक्ष होता. कारखानदारांचा वेगळा, कामगारांचा वेगळा, आणि या दोघांच्या मधे उभ्या असलेल्या न्हावी, बेकरीवाले, खाटीक, वाणी यांचा हा तिसरा. याचे वडील बूटवालेच. ते त्या पक्षाकडून पुन्हापुन्हा निवडणुकीला उभे राहिले आणि पुन्हापुन्हा पडले. "दर वेळी आधीपेक्षा कमी मतं," तो अभिमानानं म्हणाला. "शेवटच्या वेळी तर आमच्या आईनंही दिलं नाही, असा वडिलांना संशय होता."

"आणि तोच पक्ष तुला इथे हवाय?" केस कापणारी म्हणाली.

"तो पडला, कारण आपसात भांडला. आपण भांडायचं नाही."

यावर केस कापणारी आणि लॉन्ड्रेटवाली दोन वेगवेगळ्या दिशांना बघत राहिल्या.

गंमत बघा. उमेदवार डच पासपोर्टवाला, खजिनदार मी, भारतीय पासपोर्टवाली, आणि या देशात वॉर्डाच्या निवडणुकीत दोघांनाही मत देता येत होतं, तो उभा राहू शकत होता. नवऱ्याला आधी पटेना. त्यानं इंटरनेटवर तीन वेळा खात्री केली. मग म्हणाला, "म्हणजे इतकी वर्षं मी उगाच मत दिलं नाही?"

प्रचाराचा नियम उमेदवारानं पहिल्याच दिवशी सांगितला. वडिलांच्या पक्षाचा होता तोच. फुकट काहीही द्यायचं नाही. पेन नाही, फुगा नाही, बिस्कीट नाही. "दुकानदारानं माल फुकट वाटला, की तो शेजारच्या दुकानदाराच्या खिशात हात घालतो," हे त्याचं ब्रह्मवाक्य. पत्रकं छापायलाही तो तयार नव्हता, कारण पत्रकसुद्धा फुकटच जातं. त्याऐवजी त्यानं एक रबरी शिक्का करून आणला आणि तपकिरी कागदी पिशव्यांचे गठ्ठे आम्हा सगळ्यांना वाटले. पिशवीवर शिक्का: आपली दुकानं वाचवा, दुकानदाराला मत द्या. अट एकच. विकलेला माल आत असल्याशिवाय पिशवी दुकानाबाहेर जाता कामा नये.

आणि अशा या प्रचाराच्या ऐन भरात पुण्याहून माझ्या सासूबाई आल्या.

सासऱ्यांना डबा लावून देऊन त्या सहा महिन्यांसाठी आल्या होत्या. पुण्यात त्या आमच्या हाउसिंग सोसायटीच्या तीन निवडणुका कोळून प्यालेल्या. स्वतः कधी उभ्या राहिल्या नाहीत, पण त्यांनी ज्याच्या घरी चहा घेतला नाही तो चेअरमन झाला नाही. आल्याच्या दुसऱ्या दिवशी त्यांनी शेजारच्या दुकानात डोकावून पाहिलं आणि मला विचारलं, "हे डचबुवा उभे आहेत का?"

डचबुवा हे नाव त्या क्षणी पडलं ते कायमचं. त्याला ती मानाची पदवी वाटली, आणि मीही तसंच सांगितलं.

"प्रचार काय करता तुम्ही?"

"पिशव्या देतो आई. विकत घेतलेल्या सामानाबरोबर."

"आणि खायला?"

"खायला काही द्यायचं नसतं इथे."

सासूबाईंनी माझ्याकडे असं पाहिलं, की जणू मी माहेरचं दारिद्र्य उघडं पाडलं होतं.

चैत्र लागला. दरवर्षी मी घरी चैत्रगौरीचं हळदीकुंकू करायची. ओळखीच्या चारसहा मराठी बायका, देवघरातली गौर छोट्या पाळण्यात, आंब्याची डाळ, पन्हं, आणि जाताना ओटीत भिजवलेले हरभरे. त्या वर्षी सासूबाई म्हणाल्या, "घर कशाला? दुकानात करू या. ऐसपैस आहे. आणि या रस्त्यावरच्या बायकांनी काय घोडं मारलंय?"

मला कल्पना फारच आवडली. माझ्या स्वभावात जत्रा आहे. पोह्यांची पोती मागे सरकवली, काउंटरवर जरीचं पातळ अंथरलं, वर पाळणा मांडला. दारात सासूबाईंनी चैत्रांगण काढलं, तर पोस्टमन त्याला वळसा घालून आत आला. लंडनजवळच्या साउथॉलहून आणलेली कैरी पुरेना, म्हणून निम्म्या डाळीत ब्रॅमली सफरचंद किसून घातलं. आंबटपणात ते कैरीला ऐकत नाही. सासूबाईंनी चाखून मान हलवली. त्यांच्याकडून याहून मोठं प्रशस्तिपत्र मी पाहिलेलं नाही.

बायका आल्या. आणि किती आल्या! मराठी आल्याच, पण पलीकडच्या गल्लीतल्या आज्या, चर्चमध्ये फुलं लावणाऱ्या, शाळेच्या फाटकाशी भेटणाऱ्या आया, सगळ्या. लॉन्ड्रेटवाली आली आणि नंतर केस कापणारीही आली, आणि सासूबाईंनी दोघींना शेजारी बसवून एकाच ताटलीतली डाळ दिली. प्रत्येकीला हळद, कुंकू, मनगटाला अत्तर, अंगावर गुलाबपाणी. गोऱ्या कपाळावर हळद फार खुलते आणि मग आठवडाभर जात नाही, हे मला त्या दिवशी समजलं.

मी पन्हं ओतण्यात गुंग होते. ओट्या सासूबाई भरत होत्या. आता पदर नाही, ओढणी नाही, तर हरभरे घालायचे कशात? एकीच्या कोटाच्या खिशात घातले, तेव्हा ती किंचाळली. पुढच्यांसाठी सासूबाईंनी काउंटरखाली हात घातला आणि जे हाताला लागलं ते घेतलं.

शेवटची बाई बाहेर पडली, तेव्हा मी काचेतून पाहिलं. संध्याकाळच्या उन्हात रस्ताभर बायका चालल्या होत्या. कपाळाला कुंकू आणि प्रत्येकीच्या हातात तपकिरी पिशवी. दुकानदाराला मत द्या.

मी तशीच मागे वळले. "आई," मी म्हटलं, "पिशव्या तुम्ही मुद्दाम घेतल्यात का?"

"समोर होत्या, घेतल्या."

"त्यांच्यावर काय लिहिलंय माहितीये?"

"मला इंग्रजी वाचता येतं," असं म्हणून त्या पाळण्यातली गौर आत ठेवायला निघून गेल्या. यापेक्षा जास्त खुलासा त्यांनी आजतागायत केलेला नाही.

दोन दिवस शांततेत गेले. तिसऱ्या दिवशी सकाळी कौन्सिलर दुकानात आला. उंच, नम्र, गुळात जीभ बुडवून बोलणारा माणूस. त्यानं काउंटरवर एक पिशवी ठेवली. आतल्या हरभऱ्यांना मोड आले होते.

"माझी बायको तुमच्याकडे आली होती. फार मजा आली म्हणाली. अजून कपाळ पिवळं आहे तिचं."

"पुढच्या वर्षीही येऊ दे त्यांना," मी म्हटलं.

"नक्की. पण तुम्हाला माहीत असेल, मतदारांना खाऊपिऊ घालून मत मागणं हा या देशात गुन्हा आहे. फार जुना कायदा. आणि खाण्याबरोबर हे." त्यानं शिक्क्यावर हळूच बोट टेकवलं. "मला पोलिसांकडे जायचं नाही. शेजारधर्म असतो. शुक्रवारी चर्चच्या हॉलमध्ये उमेदवारांची सभा आहे. तिथे तुमच्या शेजारच्या बूटवाल्यांनी उभं राहून सांगावं, की मी आता मतं मागत नाही. नाव मतपत्रिकेवर राहील, राहू दे. नाहीतर ही पिशवी मला टेबलावर ठेवावी लागेल."

त्यानं जाताना दहा रुपयांचं हिंग मागावं तसं सहज आल्याच्या बिस्किटांचं एक पाकीट घेतलं, पैसे दिले आणि म्हणाला, "मला पिशवी नको."

नवऱ्यानं रात्रीचं जेवण होईपर्यंत सगळा कायदा वाचून काढला. "निवडून आला तरी निवडणूक रद्द होऊ शकते. वर काही वर्षं उभं राहायची बंदी. आणखीही काय काय लिहिलंय." मग मला म्हणाला, "छंद म्हणालो होतो ना मी?"

"अरे, ती देवीची ओटी होती!" सासूबाई कडाडल्या. "बाई दारात आली तर रिकाम्या हाती पाठवायची?"

"अगं आई, पण पिशवीवर देवीचं नाव नव्हतं."

सगळ्यात अवघड काम माझ्याकडे होतं. डचबुवांना यातलं काहीच माहीत नव्हतं. हळदीकुंकवाच्या वेळी तो एका मोठ्या इमारतीची कुलुपं बदलायला गेला होता. सकाळी मी त्याच्या दुकानात गेले. त्याचं टाच घासायचं यंत्र चालू होतं. मी सांगत गेले आणि तो घासत राहिला. पिशव्यांपाशी आले तेव्हा त्यानं यंत्र बंद केलं.

"विकले का?" त्यानं विचारलं.

"नाही."

"पेनीलाही नाही?"

"ओटीचे पैसे घेत नाहीत. घेतले तर ती ओटी राहत नाही."

तो स्टुलावर बसला. मग त्यानं मला वडिलांच्या पक्षाचा शेवट सांगितला, जो आतापर्यंत त्यानं गाळला होता. त्यांच्या गावात एका निवडणुकीत पक्षाच्याच एका बेकरीवाल्यानं मतदानाच्या सकाळी रांगेत गोड पाव वाटले. वडिलांनी त्याला भर सभेत पक्षाबाहेर काढलं. त्याच्याबरोबर सगळे बेकरीवाले गेले, त्यांनी वेगळा पक्ष काढला. दोन्ही पक्ष मिळून एक टांगा भरला नसता. "पण वडील म्हणायचे, आपण पडलो ते खरेपणानं पडलो. आणि आता मी त्या बेकरीवाल्याच्या जागी."

"मग आता?"

तो उठला, हात पुसले आणि अगदी औपचारिकपणे म्हणाला, "तुला पक्षातून काढावं लागेल."

"काढ," मी म्हटलं.

"काढलं." मग तो पुन्हा बसला. "चहा आहे का गं?"

मी चहा आणला. त्यानं त्याचे पैसे दिले.

शुक्रवारपर्यंत तो काही बोलला नाही. काय करणार आहेस, विचारलं की मान हलवायचा. चिप्सवाला म्हणत होता, सरळ नाकबूल कर, पिशव्या चोरीला गेल्या म्हण. केस कापणारी म्हणत होती, माघार घे, कोर्टकचेरी कुणाला परवडतेय. तिचाच जीव सगळ्यात जास्त अडकला होता, कारण तिनं त्याच वर्षी दुकानाचा भाडेकरार वाढवून घेतला होता. त्यानं माघार घेतली तरी ले-बाय जाणार होता आणि पिशवी टेबलावर आली तरी जाणार होता. येता-जाता प्रत्येक जण त्या पाच गाड्यांकडे बघायचा. हॉस्पिटलमधल्या माणसाकडे बघतात ना, तसं.

सासूबाईंचं वेगळंच चाललं होतं. "मी उभी राहून सांगते. मी केलं म्हणून. माझं काय करणार आहेत? इथे मला मत नाही, सप्टेंबरात विमानात बसायचंय."

"आई, तुम्ही काही बोलायचं नाही."

"का? खोटं बोलू का चैत्रात?"

त्यांना घरी ठेवायचं म्हटलं तर त्या आधीच तयार होऊन बसलेल्या. नारायणपेठी, वर कार्डिगन, पायात माझ्या नवऱ्याचे स्पोर्ट्स शूज.

हॉल भरला होता. नेहमी अशा सभांना पाचदहा डोकी असतात. पण काहीतरी होणार आहे ही बातमी रस्त्यावर गेली होती, आणि ती मी पसरवली नव्हती एवढंच मी शपथेवर सांगू शकते. पुढच्या टेबलाशी कौन्सिलर, डचबुवा आणि आणखी एक उमेदवार, जो सर्वांच्या विरुद्ध होता. कौन्सिलरच्या पायाशी एक चामडी बॅग. तिची चेन उघडी होती. मी फक्त तीच बघत होते. एका हातानं मी सासूबाईंचा पदर घट्ट धरून ठेवला होता.

कौन्सिलर आधी बोलला. बस, स्वच्छ हवा, भविष्य. मग थांबला आणि गोड हसला. "पुढे बोलण्याआधी, माझ्या शेजाऱ्यांना काही सांगायचं असावं असं मला वाटतं." आणि त्याचा हात बॅगेकडे गेला.

डचबुवा उभा राहिला. इस्त्रीचा शर्ट, पण हात काळेच. त्यानं आपल्या कोटाच्या खिशातून एक तपकिरी पिशवी काढली, उलगडली, सरळ केली आणि टेबलावर उभी ठेवली. शिक्का लोकांकडे.

"ही माझी पिशवी आहे," तो म्हणाला. "ही माल विकण्यासाठी होती. माझ्या नियमानं. पण माझ्या शेजारणीच्या घरचा सण होता. त्यात ही पिशवी फुकट गेली, खाण्याबरोबर. मला माहीत नव्हतं, पण पिशवी माझी. त्या दिवशी तिथे जे जे आले होते, त्यांनी हात वर करावा, प्लीज."

कुणी हलेना. मग मागून एका आजीचा हात वर आला. मग फुलं लावणाऱ्यांचे. मग एकेक करत निम्मा हॉल. पुढच्या रांगेत एका बाईनं खाली बघत हात वर केला. कपाळावर अजून फिकट पिवळा डाग. कौन्सिलरची बायको. त्याचा बॅगेतला हात तिथेच राहिला.

"थँक यू," डचबुवा म्हणाला. "तुम्ही सगळ्यांनी मला मत देऊ नये."

सासूबाईंनी मला ढोसलं. "काय म्हणाला? काय म्हणाला तो?"

मी कुजबुजत सांगितलं.

"वेडा आहे की काय!" त्या एवढ्या मोठ्यानं म्हणाल्या, की पुढची माणसं वळली. "अगं, हा माणूस सोसायटीच्या पाण्याच्या कमिटीवरसुद्धा यायचा नाही!"

"मी माघार घेत नाही," तो पुढे म्हणाला. "ज्यांनी खाल्लं नाही, प्यायलं नाही, त्यांच्याकडे मी मत मागतो. ज्यांनी खाल्लं, त्यांनी दुसऱ्या कुणाला द्यावं, नाहीतर घरी बसावं. माझ्या वडिलांच्या पक्षात असंच झालं असतं. आता मी ले-बायबद्दल बोलतो."

आणि तो बोलला. तुटकी वाक्यं, एकही विनोद नाही. बुटाची टाच बसवायला किती वेळ लागतो. तेवढा वेळ गाडी कुठे थांबणार. गाडी थांबली नाही तर त्याच्या मागोमाग कोणकोणती दारं कोणत्या क्रमानं बंद होतील. केस कापणारीचं नाव न घेता तिचा करार. मी एवढी वर्षं लोकांना हसवत आलेय, पण हॉल असा मूठ आवळल्यासारखा गप्प मला कधी करता आला नाही. कौन्सिलरनं पायानं बॅग टेबलाखाली सरकवली. मी पाहिलं.

बाहेर आल्यावर सासूबाई माझ्या पुढे झपझप चालत सुटल्या. घराच्या दारात म्हणाल्या, "पडणार. पण पाया पडावं असा पडणार."

मतदानाच्या दिवशी मी शाळेतल्या त्या पुठ्ठ्याच्या आडोशाआड उभी राहिले. दोरीला बांधलेली पेन्सिल हातात. आता विचार करा. आंब्याची डाळ माझ्याइतकी त्या दिवशी कुणीच खाल्ली नव्हती. उमेदवारानं स्पष्ट सांगितलेलं, देऊ नका. पण पक्षानं मला काढून टाकलेलं, मग पक्षाचा आदेश मला लागू होतो की नाही? मागे रांग खोळंबली. मी काय केलं ते विचारू नका. मतदान गुप्त असतं.

दुसऱ्या दिवशी सकाळी मोजणी. एका व्यायामशाळेत टेबलं मांडलेली आणि मतपत्रिकांचे गठ्ठे. आमचे दोन गठ्ठे एवढे शेजारी शेजारी, एवढे सारख्या उंचीचे, की अधिकाऱ्यानं दोनदा मोजायला लावलं. कौन्सिलरच्या ओठांना रंग नव्हता. केस कापणारी आणि लॉन्ड्रेटवाली एकमेकींचा हात धरून उभ्या होत्या. त्यांच्या लक्षात आलं, तेव्हा सोडला.

डचबुवा पडला. थोडक्यात पडला, पण पडलाच. त्यानं कौन्सिलरशी हस्तांदोलन केलं, घड्याळ बघितलं आणि दुकान उघडायला गेला.

पुढचे काही आठवडे फार वाईट गेले. रोज सकाळी मी शटर वर करताना आधी रस्त्याकडे बघायची. मग एक दिवस रंगाची गाडी आली. माणसं उतरली, दोऱ्या ताणल्या, पट्ट्या ओढायला लागली. आम्ही पाचही जण आपापल्या दारात. ती माणसं दोन गाड्यांच्या जागेवर बस थांबण्याचा चौकोन काढत होती. तो पूर्ण झाला. त्यांनी डबे उचलले. आम्ही वाट बघत होतो, की आता उरलेल्या तीन. त्यांनी डबे गाडीत ठेवले आणि गाडी निघून गेली.

कौन्सिलर नंतर येऊन म्हणाला, योजनेचा 'नव्यानं विचार' झाला. इतक्या थोडक्यात वाचलेल्या माणसाला पुढची निवडणूक आपोआप दिसायला लागते. त्यानं आल्याची बिस्किटं घेतली. या वेळी पिशवीही घेतली.

पण माझ्या मनातून एक गोष्ट जात नव्हती. सभेत हॉल त्याच्या बाजूनं झुकला होता, मी डोळ्यांनी पाहिलं होतं. मग थोडक्यात का होईना, पडला कसा? याचं उत्तर एका दुपारी पाव किलो आलं घ्यायला आलेल्या आजींनी दिलं. याच आजींनी सभेत पहिला हात वर केला होता.

"तुमच्या मित्राचं फार वाईट वाटलं," त्या म्हणाल्या. "मला त्यालाच द्यायचं होतं, डिअर. पण मी डाळ दोनदा घेतली होती."

"म्हणजे तुम्ही…"

"घरी बसले. आमच्या फुलांच्या ग्रुपमधल्या सगळ्याच. तो एवढं म्हणाला ना, देऊ नका म्हणून."

मी आलं तोलता तोलता तशीच राहिले. मराठी माणसाला सांगा, अमक्याला मत देऊ नका, तो मुद्दाम देऊन येईल. आणि या बायका! हा माणूस दुसऱ्या कुणामुळे नाही, आपल्याच एका वाक्यामुळे पडला होता.

आता हे त्याला सांगायचं की नाही? सासूबाई म्हणाल्या, "सांगू नकोस, जिवाला लावून घेईल." नवरा म्हणाला, "सांगू नकोस." म्हणून मी लगेच गेले.

यंत्र चालू होतं. मी आजींचं सगळं बोलणं जसंच्या तसं सांगितलं, डाळ दोनदा घेतल्यासकट. त्यानं यंत्र बंद केलं. हातातला बूट उलटा केला, पुन्हा सुलटा केला. मला वाटलं, चूक केली आपण.

"सगळ्या घरी बसल्या?" त्यानं विचारलं.

"हो."

"मी सांगितलं म्हणून?"

"हो."

त्याच्या चेहऱ्यावर हळूहळू असं काही पसरत गेलं, जे मी मोजणीच्या दिवशी विजयी माणसाच्या चेहऱ्यावरही पाहिलं नव्हतं.

"आमच्या घराण्यात," तो म्हणाला, "मतदारांनी उमेदवाराचं ऐकलं, असं आजवर एकदाही झालं नव्हतं."

बाहेर एक गाडी थांबली. बाई एक तुटक्या टाचेचा बूट हातात घेऊन, एका पायावर लंगडत आत आली, आणि त्यानं यंत्र पुन्हा चालू केलं.